गोंदिया आणि डोंगरगडच्या मध्ये

लोकसभेची निवडणूक आली की गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसाचा मतदार गडचिरोली-चिमूरचा खासदार निवडतो. तासाभराच्या अंतरावरचं गोंदिया शहर, जिथे तो दवाखान्याला, कोर्टकचेरीला, लग्नाच्या खरेदीला जातो, ते भंडारा-गोंदिया मतदारसंघात. आणि सालेकसाच्या मतदारसंघाचं दुसरं टोक थेट सिरोंच्याला, प्राणहिता-गोदावरीच्या काठी, तेलंगणाच्या दारात. 2008 च्या पुनर्रचनेनंतर हे असं झालं. 2024 मध्ये राज्यात संध्याकाळी सहापर्यंत मतदान चालू असताना आमगाव विधानसभेतली मतदान केंद्रं, नक्षलग्रस्त भाग म्हणून, दुपारी तीनला बंद झाली. सालेकसा याच विधानसभा क्षेत्रात येतं.

हे सगळं सांगायचं कारण एवढंच, की या गावाबद्दल लिहिताना ‘राज्याच्या शेवटच्या टोकावरचा तालुका’ हे शब्द ठरलेले असतात. पाहुणे तेच म्हणतात, बातम्या तेच म्हणतात आणि आता आमच्या इथली शिकलेली मुलंही तेच म्हणू लागली आहेत. मला ते पटत नाही. गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांचा हिशेब मांडला तर सालेकसा जागचं हललेलं नाही. रेषा हलल्या आहेत.

डोंगरापलीकडचं डोंगरगड 1948 पर्यंत खैरागड संस्थानात होतं आणि अलीकडचा आपला मुलूख इंग्रजांच्या मध्य प्रांतातल्या भंडारा जिल्ह्यात. संस्थानं विलीन झाली आणि मधली रेषा पुसली गेली. पुढची आठ वर्षं सालेकसा आणि डोंगरगड एकाच राज्यात होती, राजधानी नागपूर. 1 नोव्हेंबर 1956 ला पुन्हा रेषा पडली, सालेकसा द्विभाषिक मुंबई राज्यात गेलं, 1960 ला महाराष्ट्रात. 1 मे 1999 ला भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला. तो दिवस आमच्याकडे खऱ्या अर्थाने मोठा होता, कारण शंभर किलोमीटरपलीकडचं जिल्ह्याचं ठिकाण चाळीस किलोमीटरवर आलं. सातबाऱ्यातल्या एका चुकीसाठी भंडाऱ्याला मुक्काम टाकायची पाळी संपली. पुढच्याच वर्षी पूर्वेकडचा शेजारी मध्य प्रदेशातून निघून छत्तीसगड झाला. उत्तरेला बालाघाट मध्य प्रदेशातच राहिला. डोंगर मात्र तिन्ही राज्यांत एकच पसरलेला आहे, आणि त्याच्या पायथ्याशी आम्ही.

या डोंगराचं वय ऐकून शहरातले पाहुणे दचकतात. इथले ज्वालामुखीचे खडक सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. सह्याद्रीचा काळा कातळ त्याच्यापुढे कालचा, साडेसहा कोटी वर्षांचा. भूगर्भशास्त्रज्ञ या साऱ्या पट्ट्याला डोंगरगडचं नाव देतात आणि त्यातल्या एका खडकसमूहाला बोरतलावचं. बोरतलाव म्हणजे दरेकसानंतरचं छोटं स्टेशन, जिथे गाडी अर्धा मिनिट थांबते. जगभरातल्या खडकांच्या अभ्यासकांना ते नाव ठाऊक आहे. गोंदियातल्या किती मुलांना ठाऊक असेल?

आता रेल्वे. नागपूरहून रायपूरकडे जाणारा जुना मोठा रस्ता साकोली, देवरीवरून जायचा. आजचा राष्ट्रीय महामार्गही तिकडूनच जातो. बैलगाड्यांचा, तांड्यांचा, पलटणींचा सगळा राबता तिकडे होता आणि सालेकसा त्याच्या वाटेवर नव्हतं. नागपूर-छत्तीसगड रेल्वेची आखणी करणाऱ्यांनी मात्र उत्तरेकडची वाट धरली: गोंदिया, आमगाव, सालेकसा, दरेकसाचा घाट आणि खाली डोंगरगड. 1882 मध्ये ही मीटरगेज लाईन राजनांदगावला पोहोचली. छत्तीसगडचं धान्य बाहेर काढणं हा तिचा मुख्य उद्देश. 1887 मध्ये बंगाल नागपूर रेल्वे कंपनी उभी राहिली, तिने ही लाईन घेऊन ब्रॉडगेज केली आणि 1900 पर्यंत ती हावड्याला जोडली गेली. मुंबई-कलकत्ता मार्गावरचं गाव म्हणून सालेकसा नकाशावर आलं ते असं. महामार्ग आजतागायत आला नाही.

गाडीने आलेला माणूस सालेकसा ओळखतो तो डोंगरामुळे. गोंदियापासून सपाट धानाच्या बांध्या बघत येणाऱ्याला धानोली सोडल्यावर क्षितिजावर निळसर रेघ दिसू लागते. सालेकसा गेलं की जंगल रुळापर्यंत येतं. दरेकसाजवळ पावसाळ्यात हाजराफॉलचं पाणी दिसावं म्हणून डब्यातले सगळे एका बाजूच्या खिडक्यांवर दाटी करतात आणि तेवढ्यात बोगदा येतो. पोरं ओरडतात, बोगदा त्यांचा आवाज परत देतो. बाहेर पडलं की छत्तीसगड फार दूर नसतं. वाफेच्या इंजिनांच्या काळात हा चढ रात्री गावातूनही ऐकू यायचा, असं जुनी माणसं सांगतात. इंजिनाच्या धापांवरून ती मालगाडी भरलेली की रिकामी हे ओळखत. 1990 च्या सुमारास या मार्गावर विजेची इंजिनं धावू लागली आणि तो आवाज गेला.

रेल्वेने आम्हाला दिलं ते मोलाचं आहे. आमगाव-गोंदियाच्या कॉलेजात गेलेली, पुढे नागपूर, रायपूर, भिलाईत नोकरीला लागलेली पिढी पॅसेंजरच्या पासावर शिकली. म्हणूनच 2020 मध्ये कोरोनात पॅसेंजर बंद झाल्या, तेव्हा इथे जे हाल झाले ते शहराला कळणं कठीण. गाड्या पुन्हा सुरू झाल्यावरही बराच काळ कधी ही रद्द, कधी ती दोन तास उशिरा. रुळांवरून कोळशाच्या मालगाड्या एकामागून एक जात राहायच्या आणि फलाटावर पिशव्या घेऊन बसलेल्या बाया विचारायच्या, ‘‘आता कोनती पास होऊन राहिली जी?’’

त्या पिशव्यांत काय असतं ते बघण्यासारखं आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं. झाडाखालचा पाचोळा आधीच साफ केलेला असतो, तिथे रात्रभर टपटपलेली पिवळट, रसरशीत फुलं उजाडायच्या आत वेचायची, अंगणात पसरायची. चार दिवसांत ती सुकून तांबूस मनुकेसारखी होतात आणि घरभर गोडसर, किंचित आंबूस वास भरून राहतो. मे महिन्यात तेंदूपत्त्याचे पुडके. मध्ये चारोळी, डिंक, हिरडा. पावसाळ्यात सात्या, म्हणजे रानातली अळंबी, आणि बांबूचे कोंब. बाजारात बसलेली बाई सोबतिणीशी गोंडी बोलते, व्यापाऱ्याशी छत्तीसगडी वळणाच्या हिंदीत घासाघीस करते, बसच्या कंडक्टरला मराठीत विचारते आणि शेजारच्या गल्ल्यावर पोवारी चाललेली असते ती तिला कळते. शाळेत मात्र तिच्या नातवाला ‘याची मराठी कच्ची आहे’ असं ऐकावं लागतं. चार भाषांचा कान असलेलं मूल कच्चं कसं ठरतं, हा प्रश्न मी पुष्कळांना विचारला आहे.

सालेकसा टोक आहे की मध्य, याचं सगळ्यात स्पष्ट उत्तर माघ पौर्णिमेला मिळतं. दरेकसाला उतरून धनेगाव गाठायचं आणि तिथून पायी डोंगर चढायचा. वर कचारगडच्या गुहा आहेत. मोठ्या गुहेच्या छताला भगदाड आहे. तिथून उजेडाचा झोत खाली पडतो आणि आत शिरलेल्याला अंधाराची सवय होईपर्यंत तेवढाच दिसतो. गोंड समाजाच्या कथेत कली कंकालीची तेहतीस मुलं याच गुहेत कोंडली गेली होती, तोंडाशी अवजड शिळा होती. जंगो रायताडने त्यांच्या सुटकेचा ध्यास घेतला. वादक हिरासुका पाटालीर याने बाहेर बसून किंगरी छेडली. त्या सुरांनी आतल्या पोरांच्या अंगात बळ आलं, त्यांनी मिळून शिळा ढकलली, ती गडगडली आणि तिच्याखाली हिरासुकाच सापडला. सुटलेल्या मुलांना पारी कुपार लिंगोने शिकवलं, सगे आणि गोत्रं लावून दिली, कोया पुनेमचा, म्हणजे गोंडी धर्माचा, मार्ग सांगितला. लाखो गोंडांच्या दृष्टीने त्यांच्या समाजाची घडी बसली ती इथे.

संगीताने दगड हलवणारी आणि त्या वादकाचा जीव घेणारी ही कथा मला फार मोठी वाटते. तिच्यात युद्ध नाही, शाप नाही. मराठी वाचकाला ग्रीकांचा ऑर्फियस माहीत असतो, हिरासुका नसतो. आणि हिरासुका तर महाराष्ट्राच्या हद्दीतला.

आजची यात्रा जुन्या काळापासून अशीच चालत आली असेल असं बघणाऱ्याला वाटतं. पण डोंगरातल्या गावांचं पूजास्थान एवढंच तिचं रूप दीर्घकाळ होतं. ऐंशीच्या दशकात मोतीरावण कंगाली आणि त्यांच्यासारख्या मोजक्या अभ्यासू माणसांनी गावोगावच्या वृद्धांकडून कथा गोळा केल्या, गोंडी परंपरेतल्या कचारगडचा माग काढला आणि माघ पौर्णिमेला इथे यायला सुरुवात केली. कंगाली नागपूरला रिझर्व्ह बँकेत नोकरीला होते. गोंडी भाषा, व्याकरण, धर्म यांवर त्यांनी आयुष्यभर लिहिलं. 2015 मध्ये ते गेले. सुरुवातीला जंगलातून वाट काढणारी ती मूठभर माणसं, आणि आज छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगणा, ओडिशा, झारखंडातून येणारे जत्थे. पिवळे दुपट्टे, सप्तरंगी झेंडे, ‘जय सेवा’ची हाक, रात्रभर ढोल. अदिलाबादचा माणूस आणि मंडल्याचा माणूस एकमेकांशी गोंडी बोलू पाहतात. शब्द अडतात, हसतात, पुन्हा बोलतात. राज्यं वेगळी, शाळेच्या भाषा वेगळ्या, त्यामुळे एकच भाषा तेलुगू, हिंदी, मराठीच्या वळणांत विखुरली गेली. ती वर्षातून काही दिवस इथे एकत्र येते. त्या दिवसांत सालेकसा टोक आहे असं म्हणून दाखवावं कुणी.

मधल्या काळाबद्दलही लिहायला हवं. 1980 नंतर गडचिरोलीत आलेली नक्षल चळवळ पुढे याही डोंगरात पोहोचली आणि ‘दरेकसा’ या नावापुढे वर्तमानपत्रांत स्टेशनऐवजी ‘दलम’ लागू लागलं. बोगदा आणि धबधब्यासाठी ओळखलेलं नाव भीतीचं झालं. मुरकुटडोह, दंडारीसारखी डोंगरातली गावं दोन्हीकडून दबली. रात्री येणाऱ्याला भाकरी नाकारता येत नाही आणि सकाळी येणाऱ्याला ती दिली हे सांगता येत नाही, अशी अवस्था. रस्ता रखडला, शिक्षक टिकेना, आजारी माणूस खाटेवर उचलून आणावा लागे. हिवताप आणि सिकलसेल यांचा तर हा पट्टाच. मुलगी द्यायची म्हटली तरी लोक गावाचं नाव ऐकून थांबत. फेब्रुवारी 2023 मध्ये बोरतलावजवळ छत्तीसगडचे दोन पोलीस मारले गेले, तेव्हा ते सगळं परत आल्यासारखं वाटलं. मग 28 नोव्हेंबर 2025 ला नक्षल्यांच्या महाराष्ट्र-मध्य प्रदेश-छत्तीसगड झोनचा प्रवक्ता दहा साथीदारांसह गोंदियात शरण आला. त्या संध्याकाळी सालेकसाच्या चहाच्या टपऱ्यांवर फारसं कुणी मोठ्याने बोललं नाही. इतक्या वर्षांची सवय एका बातमीने सुटत नाही.

भीती ओसरू लागली ते हाजराफॉलवर आधीच दिसलं होतं. एकेकाळी जिथे दुपारनंतर कुणी थांबत नसे, तिथे आता पावसाळ्यातल्या रविवारी गोंदिया, बालाघाट, राजनांदगावच्या गाड्यांची रांग लागते. वन समितीची इथलीच पोरंपोरी तिकीट फाडतात, पाण्यात उतरणाऱ्यांना दटावतात, दोरीवरच्या खेळांचे पट्टे बांधून देतात. धबधब्याचे चार पैसे गावात राहतात, ही गोष्ट मला पर्यटनाच्या कोणत्याही मोठ्या आराखड्यापेक्षा महत्त्वाची वाटते. कचारगडला मात्र हा नमुना जसाच्या तसा लावू नये. तो सहलीचा धबधबा नाही, देवस्थान आहे. तिथे काय बांधायचं आणि काय बांधायचं नाही हे ठरवण्याचा पहिला हक्क पूजकांचा.

आता डोंगरात पुन्हा रेल्वेचं काम आहे. तिसऱ्या मार्गाचं चालूच होतं, त्यात ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने गोंदिया-डोंगरगड चौथ्या मार्गाला मंजुरी दिली. लांबी 84 किलोमीटर, आणि सालेकसा त्याच्या जवळपास निम्म्यावर. मार्ग वाढले की मालगाड्या वाढतील हे नक्की. पण हेच जंगल कान्ह्याहून नवेगाव-नागझिऱ्याकडे येणाऱ्या वाघांची वाट आहे. दोन रूळ ओलांडणं वेगळं आणि चार रूळ, भराव, कापलेली टेकडी ओलांडणं वेगळं. नागपूर-जबलपूर महामार्गावर पेंचच्या जंगलात प्राण्यांसाठी रस्त्याखालून वाटा ठेवल्या, तिथून वाघ जाताना कॅमेऱ्यांनी टिपले आहेत. दरेकसाच्या घाटात तेच करायला हवं, आणि ते आत्ता, नकाशे कागदावर असताना. भराव एकदा पडला की नंतर कुणी उकरत नाही.

दुसरी मागणी साधी आहे. माघ पौर्णिमेला काही गाड्यांना सालेकसा-दरेकसाला तात्पुरता थांबा मिळतो. नवे मार्ग झाल्यावर रुळांवर जागा नाही ही सबब उरणार नाही. तेव्हा हा थांबा कायमचा करावा, सकाळी कॉलेजला आणि संध्याकाळी घरी पोहोचवणारी लोकल वेळेवर धावावी, आणि दरेकसाच्या फलाटावर कचारगडची वाट दाखवणारी एक पाटी लागावी, मराठीत, हिंदीत आणि गोंडीतही.