शाळेची अनुदिनी : नवशिक्या शिक्षकांच्या शंका व त्यांचे निरसन

खेड्यांतील अनेक प्राथमिक शाळांनी आपली अनुदिनी, म्हणजेच ब्लॉग, सुरू केली आहे. आरंभीचा उत्साह मोठा असतो. स्वागताचा एक लेख, ध्वजवंदनाची चार छायाचित्रे आणि मुलांची एखादी कविता एवढे झाले की पुष्कळ ठिकाणी काम थांबते. याचे कारण शिक्षकांचा आळस हे नव्हे. अक्षरे वेडीवाकडी उमटतात, लेख प्रसिद्ध करूनही दिसत नाही, तारीख चुकते आणि विचारावे तर जवळ जाणकार कोणी नसतो. अशा लहानसहान अडचणींनी मन विटते. पुढे ज्या गुरुजींनी अनुदिनी उघडली त्यांची बदली होते व तिची किल्लीही त्यांच्याबरोबर जाते. म्हणून नवशिक्यास पडणाऱ्या शंकांचा येथे क्रमाने विचार केला आहे.

१. अनुदिनी व तिची साधने

जहाजावर रोजच्या प्रवासाची नोंद ठेवणाऱ्या वहीस इंग्रजीत ‘लॉग’ म्हणतात. त्यावरून १९९७ साली ‘वेबलॉग’ हा शब्द निघाला व १९९९ साली त्याचा ‘ब्लॉग’ असा संक्षेप झाला. नवी नोंद सर्वांत वर व जुनी खाली, हा तिचा मुख्य विशेष होय. शाळेतील शेरेबुकाप्रमाणे ती तारीखवार चालते. फरक इतकाच की शेरेबुक कपाटात राहते आणि अनुदिनी जगापुढे उघडी असते.

आपल्याकडे दोन साधने विशेष प्रचारात आहेत. ‘ब्लॉगर’ हे १९९९ मध्ये निघाले व २००३ मध्ये गूगल कंपनीने ते विकत घेतले. ‘वर्डप्रेस’ची पहिली आवृत्ती मे २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. वर्डप्रेसच्या बाबतीत नवशिक्याचा हमखास गोंधळ होतो, कारण त्या नावाच्या दोन गोष्टी आहेत. वर्डप्रेस डॉट कॉम ही तयार जागा देणारी सेवा आहे. तेथे नाव नोंदविताच लिहिता येते, परंतु फुकट योजनेत सोयी मर्यादित असतात. वर्डप्रेस डॉट ऑर्ग येथे मूळ सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते, मात्र ते बसविण्यास जागा व पत्ता स्वतः पैसे देऊन घ्यावा लागतो आणि त्याची निगाही स्वतःच राखावी लागते. चावडीत भरणारी शाळा आणि स्वतःच्या जागेवर बांधलेली शाळा यांत जो भेद, तोच येथे आहे. पुस्तकात सांगितलेली सोय आपल्या पडद्यावर का दिसत नाही, या तक्रारीचे मूळ बहुधा या भेदात सापडते. ज्या शाळेस दरवर्षी खर्चाची तरतूद करता येत नाही, तिने ब्लॉगर किंवा वर्डप्रेस डॉट कॉमची फुकट योजना निवडणे इष्ट.

२. लेख व पान यांतील भेद

दोन्ही साधनांत ‘पोस्ट’ व ‘पेज’ असे दोन प्रकार असतात. पोस्ट म्हणजे तारखेचा लेख. तो नव्या लेखाखाली सरकत जातो. पेज म्हणजे कायमचे पान. रोजचा सुविचार फळ्यावर लिहितात आणि शाळेचे नाव दर्शनी भिंतीवर रंगवितात, तसेच हे आहे. शाळेचा इतिहास, शिक्षकवृंद व संपर्क ही माहिती पानात घालावी. वृक्षारोपण, सहल, बालआनंद मेळावा यांचे वृत्तांत पोस्टमध्ये लिहावेत. हा भेद न कळल्यास शाळेची मूळ माहिती महिन्याभरात खाली दडून जाते.

वर्डप्रेसमध्ये ‘कॅटेगरी’ व ‘टॅग’ असे दोन विभाग असतात. कॅटेगरी ही पुस्तकाच्या अनुक्रमणिकेसारखी व टॅग ही पुस्तकाच्या शेवटच्या शब्दसूचीसारखी समजावी. ब्लॉगरमध्ये या दोहोंचे काम ‘लेबल’ करते. भाषा, गणित, उपक्रम, ग्रामवृत्त अशी पाचसहा नावे आधी ठरवून तीच वापरावीत. प्रत्येक लेखास नवे नाव दिल्यास त्या सूचीचा उपयोग राहत नाही.

३. मराठी अक्षरे का बिघडतात ?

जुन्या संगणकावर टंकलिखित केलेला मजकूर अनुदिनीत चिकटविला असता मराठीऐवजी रोमन अक्षरांची निरर्थक रांग दिसते. संगणक बिघडला असे शिक्षकांस वाटते. परंतु दोष तेथे नसतो. जुन्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्याच जागी देवनागरीची चित्रे बसविलेली असत. तो फॉन्ट जेथे नाही तेथे मूळ रोमन अक्षरे उघडी पडतात. युनिकोड पद्धतीत मात्र प्रत्येक देवनागरी अक्षरास स्वतःचा क्रमांक आहे. म्हणून तो मजकूर कोणत्याही यंत्रावर देवनागरीतच दिसतो. १९९१ साली निघालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीचा समावेश होता.

यावर उपाय दोन. नवे लेखन इनस्क्रिप्ट कळफलकाने किंवा मोबाइलवरील मराठी कळफलकाने, म्हणजे युनिकोडमध्येच करावे. जुना मजकूर परिवर्तकातून रूपांतरित करून घ्यावा. परंतु तो तसाच प्रसिद्ध करू नये. जोडाक्षरे, रफार व अंक यांत चुका राहतात, म्हणून एकदा मोठ्याने वाचून शुद्ध करावा.

वर्ड सॉफ्टवेअरमधून मजकूर उचलला असता त्याबरोबर लपलेल्या खुणाही येतात. त्यामुळे एक परिच्छेद मोठा व दुसरा बारीक दिसतो. असे झाल्यास साधा मजकूर म्हणून चिकटविण्याची सोय वापरावी. बहुतेक ब्राउझरांत कंट्रोल, शिफ्ट व व्ही या कळा एकत्र दाबल्याने ते साधते.

४. लेख प्रसिद्ध केला, पण दिसत नाही

येथे चार गोष्टी क्रमाने तपासाव्यात. लेख अद्याप ‘ड्राफ्ट’ म्हणजे कच्च्या खर्ड्यातच आहे काय ? प्रसिद्धीची वेळ चुकून पुढची नेमली गेली आहे काय ? अनुदिनी ‘खाजगी’ ठेवली गेली आहे काय ? या तिन्ही गोष्टी ठीक असल्यास ब्राउझर साठविलेली जुनी प्रत दाखवीत असावा; पान पुन्हा ताजे करावे किंवा दुसऱ्याच्या मोबाइलवर पाहावे.

तारखेची चूक ही आणखी एक नेहमीची तक्रार. १५ ऑगस्टच्या सकाळी ९ वाजता लिहिलेल्या ध्वजवंदनाच्या वृत्तांतावर १४ ऑगस्ट ही तारीख पडते आणि ग्रामस्थ हसतात. अनुदिनीचे घड्याळ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या वेळेवर लावलेले राहिले, की हे घडते. ऑगस्टमध्ये ती वेळ भारतीय वेळेच्या साडेबारा तास मागे असते. म्हणजे आपल्याकडे सकाळचे ९ वाजतात तेव्हा तेथे आदल्या रात्रीचे साडेआठ झालेले असतात. सेटिंग्जमध्ये वेळेचे क्षेत्र ‘कोलकाता’ असे निवडले की ही चूक कायमची मिटते.

गूगलमध्ये शाळेचे नाव शोधले असता अनुदिनी सापडत नाही, याचाही खेद होतो. शोधयंत्राने नवे पान पाहून नोंदविण्यास काही दिवस, प्रसंगी काही आठवडे लागतात. शोधयंत्रांना मज्जाव करणारी खूण सेटिंग्जमध्ये चुकून लागली नाही ना, एवढे पाहून धीर धरावा.

५. लेखाचा पत्ता

ब्लॉगरमध्ये मराठी शीर्षक दिले असता लेखाच्या पत्त्यात ते उमटत नाही. ‘ब्लॉग पोस्ट’ हे शब्द व पुढे एखादा आकडा एवढेच येते. वर्डप्रेसमध्ये शीर्षक पत्त्यात येते, पण देवनागरीतील प्रत्येक अक्षरचिन्ह, काना-मात्रा धरून, नऊ रोमन चिन्हांत रूपांतरित होते. पत्त्याच्या त्या भागास २०० चिन्हांची मर्यादा असल्याने सुमारे २२ अक्षरचिन्हांनंतर शीर्षक तुटते. म्हणून प्रसिद्ध करण्यापूर्वीच पत्त्याच्या चौकटीत रोमन लिपीत दोन-तीन लहान शब्द स्वतः घालावेत. शीर्षक मराठीतच राहते. पत्ता मात्र आटोपशीर होतो. प्रसिद्धीनंतर पत्ता बदलल्यास आधी पाठविलेला दुवा निकामी होण्याचा संभव असतो.

६. छायाचित्रे, अभिप्राय व वाचक

मोबाइलवरील एक छायाचित्र कित्येकदा ३ ते ५ मेगाबाइटचे असते. अशी दहा चित्रे एका लेखात घातल्यास गावातील मंद जोडणीवर पान उघडता उघडत नाही. चित्राची रुंदी सुमारे १२०० बिंदूंपर्यंत कमी करून, निवडक तीन-चार चित्रेच द्यावीत व प्रत्येकाखाली एक ओळ माहिती लिहावी.

अभिप्रायांत परकीय भाषेतील जाहिराती येऊ लागल्या म्हणजे शिक्षक घाबरतात. त्या बहुतांशी यंत्राने धाडलेल्या असतात. ‘संमतीनंतरच प्रसिद्ध व्हावा’ अशी व्यवस्था दोन्ही साधनांत आहे; शाळेच्या अनुदिनीत ती आरंभापासून चालू ठेवावी. भेटींच्या आकड्यांनीही हुरळून किंवा खचून जाऊ नये; त्यांत यंत्रांच्या व आपल्या स्वतःच्या भेटीही मिसळलेल्या असू शकतात. शाळेचा खरा वाचक म्हणजे पालक आणि मुंबई-पुण्यास गेलेला माजी विद्यार्थी. त्यांच्या व्हॉट्सॲप गटात लेखाचा दुवा पाठविल्याने जे वाचक मिळतात ते थोडे असले तरी आपले असतात.

७. मुलांची जबाबदारी

येथवरच्या चुका दुरुस्त करता येतात; ही चूक मात्र मागे घेता येत नाही. एकदा बाहेर गेलेले चित्र मूळ लेख पुसला तरी इतरांपाशी उरते. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने १८ वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले असून, बालकांच्या माहितीबाबत पालकांची पडताळता येण्याजोगी संमती घेण्याची तरतूद केली आहे. सबब पालकांची लेखी संमती घेऊन ती दप्तरी ठेवावी. मुलाचे पूर्ण नाव, चेहरा व इयत्ता एकत्र देऊ नये. जन्मतारीख, आधार क्रमांक, हजेरीपट अथवा शिष्यवृत्तीच्या याद्यांची छायाचित्रे कदापि घालू नयेत. मोबाइलच्या छायाचित्रात स्थानाची नोंद दडलेली असू शकते. कॅमेऱ्यातील ती सोय बंद ठेवावी. बक्षीस मिळविणाऱ्या मुलाइतकेच, मदत स्वीकारणाऱ्या मुलाच्या प्रतिष्ठेचेही भान असावे. मोफत गणवेश घेतानाचे त्याचे चित्र तो मोठेपणी पाहणार आहे.

८. किल्ली कोणाकडे ?

बहुतेक अनुदिन्या शिक्षकाच्या वैयक्तिक ई-मेल खात्यावर उघडलेल्या असतात. बदली किंवा सेवानिवृत्ती झाली की नव्या शिक्षकास आत शिरता येत नाही. शिवाय दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते गूगल कंपनी काढून टाकू शकते. हे धोरण डिसेंबर २०२३ पासून अमलात आले. म्हणजे दहा वर्षांच्या श्रमांची नोंद कोणाच्याही दोषाविना पुसली जाण्याचा धोका आहे.

तो टाळण्यास तीन गोष्टी पुरेत. पहिली, अनुदिनी शाळेच्या नावाच्या खात्यावर उघडावी व मुख्याध्यापकांखेरीज आणखी एका शिक्षकास प्रशासकाचा अधिकार द्यावा. ही सोय दोन्ही साधनांत आहे. दुसरी, खाते, सांकेतिक शब्द व जोडलेला दूरध्वनी क्रमांक मोहोरबंद लिफाफ्यात ठेवून कार्यभार देण्या-घेण्याच्या यादीत त्याची नोंद करावी; जेथे जनरल रजिस्टर सोपविले जाते तेथे हाही लिफाफा सोपविला जावा. तिसरी, प्रत्येक सत्राच्या अखेरीस सर्व लेखांची प्रत उतरवून शाळेच्या संगणकात ठेवावी. वर्डप्रेसच्या अशा प्रतीत चित्रांचे केवळ दुवे असतात. म्हणून मूळ चित्रे वेगळी जपावीत. चुकून पुसलेला लेख वर्डप्रेसच्या कचरापेटीत साधारणतः ३० दिवस व ब्लॉगरमध्ये ९० दिवस राहतो. तेवढ्या मुदतीत तो परत आणता येतो.

उपसंहार

नवशिक्याने सजावटीपासून आरंभ करू नये. साचा केव्हाही बदलता येतो व त्याने लेख पुसले जात नाहीत. प्रथम वेळेचे क्षेत्र, अभिप्रायांची संमती व दुसरा प्रशासक ही तीन कामे उरकावीत. मग शाळेच्या इतिहासाचे एक पान लिहावे. त्यानंतर पंधरवड्यास एक लेख, एवढाच नेम धरावा. लेख लहान असला तरी चालेल. गावातील विहिरींची मुलांनी केलेली मोजणी, आजीकडून ऐकून लिहिलेले ओव्यांचे टिपण, पहिल्या पावसाची तारीख, असे विषय प्रत्येक शाळेच्या अंगणातच आहेत. या नोंदी अन्यत्र कोठेही सापडणार नाहीत. त्या जपणे हे शाळेचे काम असून, वर सांगितलेल्या अडचणींपैकी एकही त्या कामाहून मोठी नाही.