आल्पाकाचा कोट आणि ऐनावरचा कोसा

जुन्या मध्यप्रांतातील वकिलांच्या व कचेरीत जाणाऱ्या मंडळींच्या घरी आल्पाकाच्या काळ्या कोटाला मोठी प्रतिष्ठा असे. आल्पाका हा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतावरचा, उंटाच्या कुळातला प्राणी. त्याच्या लोकरीत मेंढीच्या लोकरीतले मेण फार थोडे; पुष्कळ केसांच्या गाभ्यात हवा कोंडलेली; म्हणून ती वजनाला हलकी आणि उबेला भारी. १८३६ च्या सुमारास इंग्लंडातील ब्रॅडफर्डच्या टायटस सॉल्ट यांनी सुती ताण्यात आल्पाकाचा बाणा घालून पातळ, चकाकते कापड विणले आणि ते आपल्या उन्हाच्या देशातील कचेऱ्यांपर्यंत पोहोचले.

त्याच घरांत सोवळ्याच्या वळणीवर कोशाचा मुकटा वाळत असे. त्याच्या गुणांची विचारपूस मात्र फारशी कोणी केली नाही. घरचे माणूस ते! वस्तुतः हा धागा आपल्याच रानातला. किरनापूर, लांजी, बैहरकडील बालाघाटची राने आणि सीमेपलीकडची गोंदिया-भंडाऱ्याची राने ही एकाच जातीची. १९५६ साली भंडारा मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्यप्रदेशात राहिला. ऐनाच्या झाडांना त्याची खबर नाही. इकडचे लोक ऐनाला साजा आणि अर्जुनाला कउहा म्हणतात, एवढाच काय तो फरक.

या दोन झाडांची पाने खाऊन टसरचा किडा वाढतो. तुतीचा किडा घरात, टोपलीत, माणसाच्या हातून पाने खातो. टसरचा किडा उघड्यावर, पाऊस-वारा सोसत राहतो. पाखरे, मुंग्या, माकडे या सर्वांचा त्याच्यावर डोळा, म्हणून राखणदाराला गोफण घेऊन महिनाभर झाडाखाली थांबावे लागते. विदर्भात ढिवर समाजाने ही विद्या पिढ्यानपिढ्या सांभाळली. शेवटी किडा फांदीला देठ बांधून अंड्यासारखा टणक कोष विणतो. पानांतले तुरट द्रव्य त्यात उतरते आणि कोशाला तो मधासारखा, किंचित तपकिरी सोनेरी रंग येतो. हा रंग दुकानातला नव्हे, म्हणून तो उडतही नाही. उलट, दुसरे रंग कोसा सहजासहजी घेत नाही.

वस्त्र म्हणून त्याची योग्यता कशात आहे? लोकर, केस, रेशीम हे सारे प्रथिनांचे धागे. हवेतील ओलावा पोटात घेणे हा त्यांचा मोठा गुण. शंभर भार कोरडे रेशीम सुमारे ११ भार ओलावा सामावून घेते, लोकर १६, सूत ८. पॉलिएस्टर अर्धा भारही नाही. टसरचा तंतू तुतीच्या रेशमाहून जाड, चपटा आणि आत सूक्ष्म पोकळ्या असलेला. म्हणून तो अंगाला चिकटत नाही, घाम जिरवतो आणि थंडीत अंगाची ऊब धरून ठेवतो. मार्गशीर्षातल्या पहाटे केवळ मुकट्यावर पूजेला बसणाऱ्यांना हे सांगायला नको. आल्पाकाची ऊब त्याला नाही, हेही खरे. परंतु वर्षातले आठ महिने तापणाऱ्या मुलखात ती हवी कोणाला?

सोवळ्यासाठी कोसा नेसणाऱ्यांनी एक गोष्ट जाणून घ्यावी: अखंड धागा मिळावा म्हणून बहुतेक कोषांतला जीव आतच मारला जातो. पतंग बाहेर पडून फुटलेल्या कोषापासून खरबरीत सूत निघते. मला स्वतःला तेच अधिक आवडते.

कोष नुसत्या पाण्यात सुटत नाही. सोडा घालून उकळावा लागतो. मग स्त्रिया चार-सहा कोषांचे तंतू एकत्र ओढून उघड्या मांडीवर पीळ देत. दिवसभर हेच केल्याने कातडी सोलून निघे आणि मजुरी अगदी तुटपुंजी. केंद्रीय रेशीम मंडळाचे ‘बुनियाद’ नावाचे यंत्र आल्यावर ही चाल २०२० पर्यंत थांबविण्याचा सरकारी संकल्प झाला. हा संकल्प फार उशिराने झाला, असेच म्हणावे लागेल.

आता अडचण गिऱ्हाइकाची आहे. त्याला सारखा, गुळगुळीत पोत हवा असतो. कोशाचा धागा मात्र जागोजागी जाडाबारीक. परिणामी पुष्कळ मागांवर ताण्याला चिनी किंवा कोरियन टसरचे सूत लागू लागले, आणि बाजारात तर रंगवलेले पॉलिएस्टरही कोसा म्हणून खपते. त्याची परीक्षा सोपी आहे. पदराच्या दशीचे एक सूत जाळून पाहावे. कोसा असेल तर केस जळल्याचा वास येऊन राख बोटांत चुरते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कठीण मणी बनतो. परदेशी टसर मात्र या परीक्षेत पकडता येत नाही, कारण तेही रेशीमच.

कोसा रिठ्याच्या पाण्यात धुवावा, पिळू नये, सावलीत वाळवावा. क्लोरिनच्या विरंजक पुडीने तो कायमचा नासतो. ठेवणीतल्या वस्त्राची घडी अधूनमधून बदलावी.

वारासिवनीच्या हातमागाच्या साड्यांना २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. भंडाऱ्याकडे मोहाडी-आंधळगावचे कोष्टी अजून कोसा विणतात.  तेथे भाव विचारण्याआधी ताणा कोठल्या सुताचा आणि बाणा कोठल्या, हे विचारावे. विणकर सांगतो.