युवराजांनी आणलेला मासा

ओत्सू (जपान) : बिवा हे जपानमधलं सर्वांत मोठं सरोवर, सुमारे ६७० चौरस किलोमीटरचं. सुट्टीच्या दिवशी त्याच्या काठावर मुलं गळ टाकून बसतात. गांडुळाचा बारीकसा तुकडा पुरतो. वर येतो तो तळहाताएवढा, चपटा मासा. गालाखाली निळसर झाक आणि कल्ल्याच्या टोकाला काळा डाग. हा ब्लूगिल. मुलं तो पाण्यात परत सोडत नाहीत, काठावर ठेवलेल्या पेटीत टाकतात. शिगा प्रांताच्या नियमानुसार २००३ पासून तो परत सोडायला इथे मनाई आहे.

हा मासा उत्तर अमेरिकेचा. तिथे कित्येक मुलांच्या गळाला लागलेला पहिला मासा हाच असतो. १९६०मध्ये तेव्हाचे युवराज अकिहितो अमेरिकेला गेले असताना शिकागोच्या महापौरांनी त्यांना तो भेट दिला. युवराजांनी तो मत्स्य संशोधन केंद्राकडे सोपवला. युद्धानंतरच्या त्या काळात लोकांच्या ताटात मासे वाढावेत, हीच त्यामागची आशा होती. पुढे तो देशभरच्या जलाशयांत पसरला.

का पसरला, हे त्याच्या विणीच्या हंगामात कळतं. नर उथळ पाण्यात शेपटीने वाळू उडवून बशीसारखं घरटं करतो. अशी घरटी शेजारी शेजारी, वसाहतच. मादी अंडी घालून निघून जाते. नर मात्र हलत नाही. परांनी पाणी खेळवत, येणाऱ्या-जाणाऱ्यावर धावून जात तो अंडी राखतो. काही छोटे नर घरटं बांधायच्या भानगडीत पडत नाहीत. ते लपून, किंवा मादीसारखं रूप घेऊन, दुसऱ्याच्या घरट्यात आपलं बीज सोडतात. इतका दक्ष बाप दुसऱ्यांच्या अंड्यांना मात्र सोडत नाही. बिवातला निगोरोबुना हा स्थानिक मासा पाणवनस्पतींवर अंडी चिकटवून निघून जातो, आणि ती राखायला कुणीच नसतं. याच माशापासून इथली फुनाझुशी होते : मीठ आणि भातात महिनोन् महिने मुरवलेली, सुशीच्या सर्वांत जुन्या प्रकारांतली. उजनी धरणात बाहेरून आलेली चिलापी वाढलेली पाहणाऱ्या आपल्या मच्छीमारांना हे दुखणं समजावून सांगावं लागणार नाही.

२००७मध्ये याच ओत्सूत, मच्छीमारांसमोर, सम्राट झालेल्या अकिहितोंनी सांगितलं की हा मासा आपणच आणला होता आणि त्याच्या परिणामांनी आपलं मन दुखावलं आहे. ते स्वतः खरबी कुळातल्या माशांचे अभ्यासक. कुणी विचारलं नसताना त्यांनी हे बोलून दाखवलं, याचं मला फार मोल वाटतं.

अमेरिकेत हौशी लोक ब्लूगिल काचेच्या टाकीत पाळतात. माणसाळला की तो हातातूनही खाद्य घेतो. जपानमध्ये २००५पासून लागू झालेल्या कायद्याने परवानगीशिवाय त्याला पाळणं, जिवंत नेणं, दुसरीकडे सोडणं गुन्हा आहे. व्यक्तीला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीस लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. इथे नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांनी हे ध्यानात ठेवावं : मुलाने पकडलेला ब्लूगिल बादलीत घालून घरी आणू नका. काठावरच मारून आणायला हरकत नाही. मांस पांढरं आणि चवीला सौम्य असतं. हळद-तिखट लावून तळला तर उत्तम, फक्त काटे जपून काढा.