काळ्या पाटीचा उतार

सकाळी साडेसहा
स्पेनच्या कातालोनियातलं पोरेरा अजून अंधारात. सप्टेंबरअखेर इथे पावणेआठपर्यंत सूर्य नाही. मालकीणबाई तळघराची दारं उघडतात, पंखा लावतात, मग मीटर बघतात. द्राक्षांचा रस आंबताना सुटलेला कार्बन डायऑक्साइड जमिनीलगत साचतो. मेणबत्ती धरून बघायची जुनी रीत त्यांच्या वडिलांची. बाई तिच्यावर भरवसा ठेवत नाहीत.

सव्वासात
मी नाशिकचा. बाग म्हटलं की डोळ्यांसमोर तार, मांडव, ठिबक, ट्रॅक्टर. इथे यातलं काहीच नाही. मांडीएवढी गाठाळ खोडं, प्रत्येक वेल आपल्याच पायावर उभी. चढ असा की मान वर केली तर वरच्या गड्याच्या बुटांचे तळवे दिसतात. माती नाहीच म्हणा ना; पाटीच्या दगडाचे काळे चपटे तुकडे, पायाखाली खळखळ सरकणारे. पाण्यासाठी मुळं त्यांच्या फटींतून खोल उतरतात.

जात कारिन्येना. उशिरा पिकते, साल जाड, आंबटपणा टिकून. कात्रीने घड कापायचा, क्रेट खांद्यावर घेऊन तिरकं उतरायचं. सरळ उतरलात तर क्रेटच्या आधी तुम्ही खाली.

दहा
पावावर टोमॅटो चोळून वर तेल, सोबत सारडिन. काकांचा फोन. वेली ऐंशीच्या पुढच्या आणि वेलीला जेमतेम किलोभर माल, म्हणजे धड एक बाटलीही नाही, हे ऐकून म्हणाले, "अरे, मग उपटत का नाहीत?"

उपटायला माणसं तरी हवी होती! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फायलोक्सेरा किडीने या सगळ्या प्रियोरात भागातल्या बागा खाल्ल्या. पुढे अमेरिकन खुंटावर थोड्याच लागल्या. आपल्या नाशिककडचा डॉगरिज खुंटही अमेरिकनच. तरुण पोरं शहरांतल्या कारखान्यांकडे गेली. लोक या वेलींना वारसा म्हणतात. मला तर त्या गरिबीने राखलेल्या वाटतात. 1989 च्या हंगामात शेजारच्या ग्रातायोप्स गावात रेने बार्बिए, आल्व्हारो पालासिओस आणि त्यांच्या साथीदारांनी मिळून वाइन केली, आणि याच उतारांना भाव आला.
"बाटली कितीला?" काका.
"चाळीस युरो."
"मग राहू दे म्हणावं."

दीड
समुद्राकडून वारा सुटतो. त्याला इथे गार्बिनादा म्हणतात. घामेजलेली पाठ गार पडते. खाली निवडणीच्या टेबलावर पानं, मनुका झालेले मणी, एखादी गोगलगाय. मग देठ काढायचं यंत्र. पाचपर्यंत हेच.

सहा
आंबत्या रसावर सालींचा जाड थर तरंगतो. तो दांड्याने खाली दाबायचा, रंग उतरावा म्हणून. मी जोर लावला तर बाई ओरडल्या, "हळू! बियांचा कडवटपणा उतरवतोस का?"

नऊ
क्रेट धुऊन पालथे. काल रसाची घनता 1062 होती, आज 1041. तापमान 27 अंश. बाई खडूने फळ्यावर लिहितात. उद्या वरचा तुकडा, आणि तिथवर खेचरही जात नाही.