टॅटरशॉलच्या विटा आणि कर्झनचा कायदा

१८ एप्रिलला जागतिक वारसा दिन असतो. भाषणं होतात, वारसाफेऱ्या निघतात. त्या निमित्तानं इंग्लंडमधल्या एका विटांच्या घराबद्दल लिहायला हवं, कारण त्याच्या कहाणीत आपल्याकडचाही एक कायदा डोकावतो.

लिंकनशायरमधलं टॅटरशॉल कॅसल. नाव किल्ल्याचं, भोवती खंदकही. पण राजा सहाव्या हेन्रीचा खजिनदार राल्फ क्रॉमवेल यानं १४३० आणि १४४० च्या दशकांत उभारलेला हा सुमारे ३३ मीटर उंच मनोरा राहण्यासाठी आणि मिरवण्यासाठी होता. कोपऱ्यांना अष्टकोनी बुरूज, माथ्यावर शत्रूवर दगड टाकायची सोय. खाली मात्र अंगणाकडे उघडणारे तीन दरवाजे आणि भल्यामोठ्या खिडक्या! लढायचं असतं तर एवढ्या खिडक्या कुणी ठेवल्या नसत्या.

जिल्ह्यात बांधकामाचा उत्तम दगड मिळत असूनही क्रॉमवेलनं वीट निवडली. तेव्हाच्या इंग्लंडमध्ये वीट ही श्रीमंती चैन होती. ती समुद्रापलीकडच्या सखल प्रदेशातून, उत्तर जर्मनीतून आलेली. बांधकामाच्या हिशेबात वीट पाडणाऱ्या बाल्डविनचं नाव येतं, तेही ‘डचमन’ म्हणून. कारागिरी पाहायची ती आत. दुसऱ्या मजल्यावर दिवाणखान्याकडे नेणाऱ्या बोळाचं छत विटांच्या कमानींनी पेललंय. बुरुजातल्या गोल जिन्याला वेगळा कठडा नाही. चढताना धरायची दगडी पट्टी भिंतीतच कोरून काढलीय. तिच्यावरून हात फिरवत वर जायचं. दर मजल्यावर एक मोठं दालन आणि त्यात कोरीव दगडी फायरप्लेस. तिच्यावर खजिनदाराची थैली, म्हणजे मालकाचा हुद्दाच कोरलेला.

१९११ मध्ये या फायरप्लेस उपसून विकल्या गेल्या; त्या अमेरिकेला जाणार होत्या. तेव्हा हिंदुस्थानचा माजी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झननं ती वास्तू विकत घेतली, फायरप्लेसचा माग काढला आणि १९१२ मध्ये त्या परत आणवल्या. वास्तुतज्ज्ञ विल्यम वेअर यांच्याकडून दुरुस्ती करवून घेतली. १९२५ मध्ये कर्झनच्या मृत्युपत्रानं वास्तू नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे गेली.

बंगालची फाळणी करणाऱ्या माणसाचं कौतुक आपल्याला जड जातं, आणि ते रास्तच आहे. पण १९०४ चा प्राचीन स्मारक संरक्षण कायदा त्याच्याच कारकिर्दीतला. कोरीव काम, शिल्पं परवानगीशिवाय हलवायला सरकार बंदी घालू शकेल, अशी तरतूद त्यात होती. इंग्लंडमध्ये मात्र मालकाच्या मर्जीविरुद्ध स्मारक वाचवण्याची ताकद सरकारला १९१३ च्या कायद्यानं मिळाली, आणि त्यामागे टॅटरशॉलचा धक्का होता. त्यातूनही राहती घरं वगळलीच.

राहत्या घरांचं हे दुखणं आपलंही आहे. पुण्या-नाशकातला जुना वाडा पाडला जातो, त्याचे कोरीव खांब आणि तुळया जुन्या लाकडाच्या बाजारात जातात, आणि तिथून कुणाच्या तरी हॉटेलात शोभेला उभ्या राहतात. वाडा पाडण्याच्या परवानगीसोबत आतल्या कोरीव कामाची नोंद आणि त्याचा ठावठिकाणा सक्तीचा करायला महापालिकांना कुणी अडवलंय?