रुपयाची किंमत आणि रिझर्व्ह बँक

आम्ही बँकेत कारकून. काउंटरवर एक प्रश्न आम्हाला हमखास विचारला जातो : "नोटा छापणे सरकारच्याच हातात आहे, मग गोरगरिबांना थोड्या वाटल्या तर काय बिघडेल?" प्रश्न वेडगळ नाही.

बिघडते ते असे. धान्य तेवढेच आणि नोटा दुप्पट झाल्या की भाव चढतात. व्यापारी चढ्या भावाने माल विकून सावरतो. मजुराची मजुरी मात्र लगेच वाढत नाही. खिशाला हात न लावता त्याचा रुपया चोरीला जातो. म्हणून चलनावर लक्ष ठेवणारी मध्यवर्ती बँक लागते.

नेमक्या याच दुखण्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ साली 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ लिहिला. पहिल्या महायुद्धापूर्वी रुपयाचा दर पौंडाशी बांधलेला होता, पण रुपये किती पाडावेत यावर सरकारला पक्के बंधन नव्हते. परदेशातला दर सांभाळण्यापेक्षा येथील बाजारात रुपयाची किंमत टिकणे महत्त्वाचे, असे बाबासाहेबांचे म्हणणे. १९२५ साली हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्षही दिली.

येथे विद्यार्थी मित्रांना एक सांगावेसे वाटते. "बाबासाहेबांनी रिझर्व्ह बँक काढली" असे भाषणांतून सरसकट ऐकू येते. तसे लिहू नये. त्यांचा भर सुवर्णचलनावर आणि रुपये काढण्याला कायमची मर्यादा घालण्यावर होता. बँकेची शिफारस आयोगाने १९२६ मध्ये केली. जे खरे आहे तेच एवढे मोठे आहे की पदरची भर नको.

पुढे १९२७ चे विधेयक बारगळले. १९३४ चा कायदा होऊन १ एप्रिल १९३५ रोजी बँक सुरू झाली, तीही ५ कोटींच्या, बहुतेक खाजगी भांडवलावर. मुख्य कचेरी आधी कलकत्त्यास, १९३७ पासून मुंबईत. १९४३ मध्ये चिंतामणराव देशमुख पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि १ जानेवारी १९४९ रोजी बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले. नोटेवर गव्हर्नरांची सही असते ती या बँकेची हमी म्हणून. एक रुपयाची नोट तेवढी सरकारची, तिच्यावर वित्त सचिवांची सही.

२०१६ साली कायदा दुरुस्त होऊन महागाई ४ टक्क्यांच्या आसपास, फार तर २ टक्के वर-खाली, राखण्याचे उद्दिष्ट बँकेला नेमून दिले गेले. भाव चढू लागले की ती व्याजदर वाढवते, कर्जे महागतात, आणि घरकर्जाचा हप्ता वाढलेले खातेदार आमच्या काउंटरवर येऊन आमच्यावरच चिडतात.