गावाच्या आरोग्यातून विज्ञानाचे धडे

एखादा दावा समोर आला की तो कशावरून केला, किती जणांना तपासून केला, मोजमाप कशाने घेतले आणि तुलना कोणाशी केली, हे प्रश्न ज्याला आपसूक सुचतात त्याला विज्ञान साक्षर म्हणावे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ५१-क मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले, ते याच अर्थाने. महाविद्यालयीन प्रात्यक्षिकांत मात्र ही सवय क्वचितच लागते. उत्तर आधीच ठाऊक असते आणि त्यावरून उलटे रीडिंग मांडून जर्नल पूर्ण करता येते. गावातल्या किंवा वस्तीतल्या आरोग्याच्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही जर्नलमध्ये लिहिलेले नसते. म्हणूनच सामुदायिक आरोग्य प्रकल्प हे विज्ञान शिकवण्याचे साधन होऊ शकतात.

पूर्वपीठिका

विद्यार्थ्यांना समाजात नेण्याची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन सुरू झाली. त्याच वर्षी सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन झाली. तिथल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या शिक्षणात खेड्यात राहून कुटुंबांची माहिती घेण्याला पहिल्यापासून स्थान मिळाले. अमेरिकेत २००१ पासून ‘सेन्सर’ या उपक्रमाने एड्स, पाणी, प्रदूषण अशा न सुटलेल्या सार्वजनिक प्रश्नांतून मूलभूत विज्ञान शिकवण्याची पद्धत अनेक महाविद्यालयांत नेली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रातील पदवी अभ्यासक्रमांत क्षेत्रीय प्रकल्प आणि समुदाय सहभाग यांना श्रेयांक मिळू लागले. चौकट तयार झाली आहे. तिच्यात विज्ञान किती भरायचे, हे प्राध्यापकांच्या हाती आहे.

पाणी

सुरुवातीला सर्वांत सोयीचा विषय पिण्याच्या पाण्याचा. ग्रामपंचायत विहिरीत किंवा टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकते आणि आरोग्य कर्मचारी ओटी टेस्ट करून पाण्यात क्लोरीन उरला आहे का ते पाहतात. द्रावणाचे थेंब पडताच पाणी पिवळे झाले तर क्लोरीन आहे. नळाच्या टोकाला तो प्रतिलिटर किमान ०.२ मिलिग्रॅम असावा, असे भारतीय मानक सांगते. दुसरी चाचणी जंतूंची. १९८२ मध्ये ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी हायड्रोजन सल्फाइडवर आधारलेली साधी बाटली-चाचणी प्रसिद्ध केली. बाटलीतल्या रसायन लावलेल्या कागदावर पाणी ओतायचे आणि उबदार जागी ठेवायचे. विष्ठेबरोबर पाण्यात येणारे काही जंतू हायड्रोजन सल्फाइड वायू सोडतात, त्याचा लोहाशी संयोग होतो आणि पाणी काळे पडते.

खरे शिक्षण बाटली काळी पडल्यावर सुरू होते. हा वायू विष्ठेतले नसलेले काही जंतूही तयार करतात. मग काळ्या बाटलीवर कितपत विसंबायचे? उकळून गार केलेल्या पाण्याची बाटली सोबत का ठेवायची? एकाच नळाचे दोन नमुने का घ्यायचे? विहिरीचा नमुना स्वच्छ निघाला आणि घरातल्या माठाचा काळा पडला, तर गळकी पाइपलाइन, उघडी साठवण आणि हातासकट माठात बुडवलेला पेला हे तीन संशयित उरतात. नळ, हंडा आणि माठ असे टप्प्याटप्प्याने नमुने घेतले की दोष कुठे आहे ते उलगडते. गृहीतक मांडणे आणि ते पडताळणे म्हणजे काय, हे विद्यार्थ्याला इथे प्रत्यक्ष करून कळते.

डास

डेंगी आणि चिकुनगुन्या पसरवणारा एडिस डास घरात आणि घराभोवती साठलेल्या पाण्यात वाढतो. घरोघरी अळ्या शोधताना तीन निर्देशांक काढतात. समजा, ५० घरे पाहिली आणि १० घरांत अळ्या सापडल्या. पाण्याची २०० भांडी तपासली आणि १६ भांड्यांत अळ्या निघाल्या. घरांचा निर्देशांक २० टक्के, भांड्यांचा ८ टक्के आणि दर शंभर घरांमागे दूषित भांडी ३२, म्हणजे ब्रेटो निर्देशांक ३२. पाहणी एकच असली तरी आकडे तीन आहेत आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे. कोणता आकडा बातमीत छापला, त्यावरून वाचकाचे मत बदलते, हा धडा पुढे कोणतीही जाहिरात वाचताना उपयोगी पडतो.

एडिसची अंडी पाण्याच्या रेषेलगत भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडूनही कित्येक महिने टिकतात. त्यामुळे पिंप रिकामे करणे पुरत नाही, ते घासावे लागते. अंड्यापासून उडता डास होण्यास आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणून कोरडा दिवस आठवड्यातून एकदा पाळायचा. आरोग्य खात्याच्या सूचनेमागचे जीवशास्त्र एकदा कळले की ती सूचना लोकांना पटवून देता येते.

रक्त

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. देशाचा आकडा ५७ टक्के होता. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन प्रति डेसिलिटर १२ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर रक्तक्षय धरतात. पण या पाहणीत बोटातून थेंब घेतला होता. बोट दाबून पिळले की पेशीबाहेरचा द्रव रक्तात मिसळून मापन बिघडू शकते. त्यामुळे शिरेतून रक्त घेऊन मोजावे, असा आग्रह तज्ज्ञांनी धरला आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेकडे तशी स्वतंत्र पाहणी आली. सरकारी आकडासुद्धा मोजण्याच्या पद्धतीवर अवलंबून असतो, हे समजावण्यासाठी याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

विदर्भ आणि नंदुरबारच्या आदिवासी भागांत सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची तपासणी चालते. २०२३ च्या जुलैत राष्ट्रीय निर्मूलन मोहीमही सुरू झाली. पहिली चाचणी साधी असते: द्रावणात रक्त मिसळून नळी काळ्या रेषांच्या कागदापुढे धरायची. रेषा दिसल्या तर सिकल हिमोग्लोबिन नाही. द्रावण गढूळ होऊन रेषा झाकल्या गेल्या तर आहे. मात्र ती व्यक्ती वाहक आहे की रुग्ण, हे ठरवायला इलेक्ट्रोफोरेसिससारखी पुढची तपासणी लागते. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता एक चतुर्थांश असते. चार मुलांपैकी नेमके एकच आजारी निघेल, असा त्याचा अर्थ होत नाही. संभाव्यतेचे गणित इथे घराघरांत भिडते.

चाळणी-चाचण्यांचे आणखी एक गणित प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी करावे. हजार लोकांत दहा आजारी आहेत आणि चाचणी आजारी व निरोगी दोघांनाही ९५ टक्के वेळा बरोबर ओळखते, असे धरू. दहापैकी नऊ-दहा सापडतील. पण ९९० निरोगींपैकीही सुमारे ५० जणांचा निष्कर्ष पॉझिटिव्ह येईल. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या सहांपैकी आजारी साधारण एकच.

तुलना आणि नीती

जनजागृतीनंतर अळ्या कमी झाल्या, तर श्रेय जनजागृतीचे की ओसरलेल्या पावसाचे? उत्तरासाठी जनजागृती न झालेला, पण बाकी सारखा प्रभाग लागतो. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीत नवजात बालकांच्या घरगुती सेवेचा प्रयोग ३९ गावांत केला, तेव्हा तुलनेसाठी ४७ गावे ठेवली होती. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. त्या तुलनेमुळेच जगाने तो गांभीर्याने घेतला.

लोकांच्या आरोग्याला हात घालताना संमती घेणे, नावे गुप्त ठेवणे आणि दोष आढळलेल्या व्यक्तीला प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचवणे बंधनकारक मानावे. रक्त प्रशिक्षित कर्मचाऱ्यानेच घ्यावे. सिकलसेल वाहक मुलीचे नाव फुटले तर तिच्या लग्नात विघ्न येऊ शकते, याची जाण विद्यार्थ्यांना आधीच द्यावी. आशाताईंना पहिल्या दिवसापासून सोबत घ्यावे, कारण वस्तीची नाडी त्यांना ठाऊक असते.

मूल्यमापन

प्रभातफेरी, घोषणा, भित्तिपत्रके आणि समारोपाचा फोटो एवढ्यावर प्रकल्प संपला तर सेवा थोडीफार घडते, विज्ञान घडत नाही. गुण द्यायचे ते नमुना कसा निवडला, मापनातली चूक कशी ओळखली आणि निष्कर्षाला मर्यादा कशा घातल्या यांना. फसलेल्या चाचणीचे कारण शोधून काढणाऱ्या गटाला निर्दोष तक्ते सजवणाऱ्या गटापेक्षा अधिक गुण मिळावेत. अंतिम अहवाल एका पानात, सोप्या मराठीत ग्रामसभेपुढे किंवा वॉर्डातल्या बैठकीत वाचला जावा आणि लोकांच्या प्रश्नांना विद्यार्थ्यांनीच उत्तरे द्यावीत.

महाविद्यालयांनी दरवर्षी नवे गाव आणि नवा विषय धरण्याचा सोस सोडावा. एक गाव, एक प्रश्न आणि सलग तीन वर्षे जपून ठेवलेल्या नोंदी, एवढे केले तरी विद्यार्थ्याला विज्ञान कळेल आणि गावाच्या हाती स्वतःचे आकडे येतील.